कोरड्या पुलावरचा बोर्ड

दुष्काळ असा, की आमच्या रेणापूरच्या नदीतले मासे धूळ झटकत चालत गेले. जिल्हा नवा झाला, म्हणून पुलावरच्या बोर्डावर लालभडक 'जिल्हा लातूर' लिहायला पेंटरमामा आले. शिमगा अजून लांब, पण मामांच्या मिशीत सातही रंग हजर. प्रत्येक अक्षर आधी मोठ्यानं म्हणणार, मगच काढणार. डब्यातला उरलासुरला लाल रंग त्यांनी खालच्या पुसट ओळीवरच संपवला: 'पुलावर पाणी असताना जाऊ नये.' 'जिल्हा लातूर' मात्र काळ्या रंगात उरकला.

"मामा, पाणी कुठंय? जिल्हा लाल सांगितला होता, साहेब खवळतील!" मी म्हणालो.

"खवळू द्या गुरुजी. जिल्हा कुठं वाहून जायलाय? पाणी आलं की माणूस जातंय."

मी हसत सायकलवर टांग टाकली. पुलाच्या मध्यावर मात्र उतरलो, आणि कोरडी नदी बघत, जपून चालत पलीकडं गेलो.