अण्णांनी घालवलेलं चक्र

व्हिडिओ उतरायची वाट बघायला लावणारं ते गोल चक्र पडद्यावर फिरायला लागलं, की चनबसप्पा अण्णा खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळायला लागत. सोलापुरातल्या आमच्या छोट्या ऑफिसात ऑनलाइन गेम तयार होतात आणि त्यातले व्हिडिओ न अडखळता सुरू करणं हे अण्णांचं काम. मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचे. आधी लग्नांचं शूटिंग करायचे. नवरीच्या पाठवणीत कॅमेरा बंद पडावा, तसं त्यांना ते चक्र वाटायचं.

"खेळणारा तंद्रीत असतोय की," ते मला म्हणायचे. "त्याला मधीच जागं करायचं न्हाय."

त्यांची रीत अशी, की खेळणारा किल्ल्याच्या पायऱ्या चढत असतानाच पुढचा व्हिडिओ मागच्या मागे उतरवून ठेवायचा. दरवाजा उघडला की गोष्ट सुरू. पायऱ्या किती लांब हव्यात यावरून ते आमच्या चित्रकारांशी डबे गार होईपर्यंत हुज्जत घालत. समोरचा वैतागला की कानडीत "होगली बिड", म्हणजे जाऊ दे, असं पुटपुटायचे आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायचे. डोकं उठवायचे अगदी.

बायको गेल्यापासून अण्णा एकटेच राहत. मुलगा शिवानंद कॅनडात. फोनवर बापलेकांचं बोलणं 'जेवलास का'च्या पुढे सरकत नसे. पण रविवारी सकाळी दोघं आपापल्या घरून, कानाला हेडफोन लावून, एकमेकांसोबत आमचाच गेम खेळत, आणि चक्र फिरायला लागलं की दोघांचेही हात रिकामे होत. मग शिवानंद बोलायचा. नोकरी गेल्याचं त्याने तेव्हाच सांगितलं. आईच्या हातची शेंगाचटणी आठवते, हेही तेव्हाच. सोमवारी अण्णा मला हे सगळं सांगत, तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच दिसायचा.

आणि तेच चक्र ते घालवायला निघाले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, अण्णा, एखादं तरी राहू द्या की.

"माज्या एकट्यापायी समद्यांना ताटकळत ठेवू व्हय?" एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

चक्र गेलं. खेळणारे खूश झाले, साहेबांनी पेढे वाटले. सोमवारी मी विचारलं, काल काय म्हणाला शिवानंद?

"लई रमला हुता पोरगा. मग मीबी गप बसलो."

पुढच्या सोमवारीही तेच. त्यांना स्वतःच्या कामाचा अभिमान वाटत होता आणि त्याच कामाने ते आणखी एकटे पडले होते. मला फार वाईट वाटायचं. नंतर नंतर मी विचारायचंच सोडलं.

त्या हिवाळ्यात अण्णा झोपेतच गेले. शिवानंद आला. सगळं आटोपल्यावर अण्णांचं सामान न्यायला ऑफिसात आला, त्यांच्या खुर्चीत जरा वेळ बसला.

"आमचे अप्पा शेवटी शेवटी खेळात फार रमायचे," तो म्हणाला. "मला खूप बोलायचं असायचं. पण मधेच कशाला बोला, म्हणून गप्प राहायचो."

अण्णाही हेच म्हणायचे, हे त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही.