हात हलवत आलेला नायक

विमान दोह्यावर उतरायला लागलं तेव्हा खाली आधी वाळू दिसली आणि मग क्रेन. मोजायला घेतल्या आणि कंटाळून सोडून दिल्या. वर्ल्ड कपची तयारी म्हणतात ती हीच. मी मात्र फुटबॉलसाठी आले नव्हते. माझ्या मराठी प्रेमकथेचा कन्नड रिमेक तिथल्या कन्नड मंडळींनी शुक्रवारी सकाळी थिएटर घेऊन लावला होता. लोकांना तो कसा वाटतो, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

रिमेकवर माझा रागच होता. माझा नायक सुरतेच्या गिरणीत कामाला जातो. कन्नड दिग्दर्शकाने त्याला उचलून कतारला नेलं आणि दोन गाणी वाळूत घेतली. तेही मी चालवून घेतलं. पण शेवटच्या प्रसंगाला हात लावायचा नाही, ही माझी अट होती. चार वर्षांनी नायक दारात येतो आणि बायकोला आपले दोन्ही रिकामे तळवे दाखवतो. शूटिंगच्या वेळी दिग्दर्शकाचा फोन आला होता, "मॅडम, इथले कामगार म्हणतायत, त्याच्याजवळ एक खोकं द्या."

मी ताडकन म्हणाले, "प्रेमकथा आहे की सामानाचा टेम्पो?"

शुक्रवारी धाकट्या बहिणीने मला "यल्ला, यल्ला" (चल, चल) करत अल मन्सूरातल्या तिच्या घरातून बाहेर काढलं. कोपऱ्यावर करक (दाट दुधाचा वेलचीचा चहा) घेतला. त्यातला निम्मा माझ्या नव्या साडीवर सांडला.

थिएटर भरलेलं होतं. बहुतेक पुरुषच, इस्त्रीचे शर्ट घालून आलेले. पडद्यावर ओळखीचा रस्ता दिसला की शिट्ट्या वाजत. मध्यंतरानंतर काहींनी डोळे पुसलेले मी पाहिले आणि मनातल्या मनात दिग्दर्शकाला माफ करून टाकलं. शेवटी नायक बसमधून उतरला, दारात आला, तळवे पुढे केले. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं थिएटर हसलं. माझे कान तापले.

बाहेर आल्यावर मी त्या मागच्या माणसाला गाठलंच. शिवाप्पा त्याचं नाव, जतकडचा वेल्डर, त्यामुळे कन्नड आणि मराठी दोन्ही त्याला घरचीच.

"हसायला काय झालं हो?"

"आवो ताई, चार वर्सांनी गडी घरला आलाय आन् संगं खोकं न्हाई? कसं पटंल?"

"ते मीच लिहिलंय."

तो ओशाळला नाही. जरा विचार करून म्हणाला, "मग तुमच्यातलं कुनी एकटं ऱ्हायलं नसंल हिकडं."

 मग त्याने स्वतःचं सांगितलं, वर्ल्ड कप होईस्तोवर त्याची सुट्टी खलास (बंद). घरी न्यायचं खोकं भरून तयार होतं. "तुमी न्याल का, ताई?"

संध्याकाळी बहीण आणि मी दोह्याबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मद या वस्तीत त्याच्या खोलीवर गेलो. मला दिसावं म्हणून त्याने सगळं बाहेर काढून पुन्हा भरलं: ब्लँकेट, दूध पावडर, साबण, अत्तराची बाटली ब्लँकेटच्या घडीत. मग गुडघा रोवून नायलॉनची दोरी आवळली, गाठीवर गाठ मारली आणि वर मार्करने बायकोचं नाव लिहिलं. महादेवी.

मुंबईला सामानाच्या पट्ट्यावर तशीच सहा-सात खोकी फिरत होती. इतक्या वर्षांत मी ती कधी पाहिलीच नव्हती.

दोन दिवसांनी मी जतजवळच्या त्यांच्या घरी पोचले. महादेवीने पाणी दिलं. मी म्हटलं, "विळी आणा, दोरी कापू."

"नगं ताई. त्येंनी बांधलीया."

ती खाली बसली आणि एकेक गाठ नखांनी, दातांनी सोडवू लागली. पाव तास लागला. खोकं तिने उघडलंच नाही. आधी दोरी नीट गुंडाळली आणि खुंटीला अडकवली. तिथे आधीच्या दोन होत्या.

मला फार लाज वाटली. माझ्या नायकाला मी हात हलवत घरी पाठवलं होतं, आणि त्याच्या बायकोला सोडवायला एक गाठसुद्धा ठेवली नव्हती.