न झालेल्या निवडणुकीची उमेदवार

वैजयंती वैरागजवळच्या एका वस्तीवरून रोज सोलापूरला कॉलेजसाठी येऊन-जाऊन करायची. सकाळी सहाची गाडी, आठला तास, बाराला तास संपले की तीनपर्यंत रिकामं आणि मग प्रॅक्टिकल. घरी पोचायला सात वाजायचे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. मी त्या कॉलेजात मराठी शिकवायचो, त्यामुळे ती माझी विद्यार्थिनी नव्हती. माझी तिची ओळख झाली ती निवडणुकीमुळे.

२०१९ साली सरकारनं कॉलेजांतल्या निवडणुका पुन्हा घ्यायचं ठरवलं. पंचवीस वर्षांत मुलांनी मतदान म्हणून काही केलेलं नव्हतं. आमच्याकडे समिती नेमली गेली आणि कुणी तयार होईना म्हणून माझं नाव त्यात घातलं. जुलैच्या एका दुपारी ही बारीक अंगाची, डोळ्यांखाली काळं आलेली मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

"सर, अध्यक्षपदाला मुलगी उभी राहिली तर चालतंय का?"

"चालतं की. का गं?"

"न्हाय, शिवराज म्हणत होता, मुलींची एक जागा येगळी हाय, तिथंच भरायचं."

शिवराज हा एका माजी नगरसेवकाचा मुलगा. अर्ज भरायची तारीखही लागली नव्हती, तोवर त्यानं टी-शर्ट छापून घेतले होते. नंतर तो तिला कँटीनजवळ भेटला तेव्हा मी चहा घेत होतो. तो नीट अदबीनंच बोलला. "ताई, तुमी लेडीजच्या जागेवर ऱ्हावा. बिनविरोध काढतो की."

"बिनविरोध नको मला," वैजयंती म्हणाली. "कुणी काय इचारणारच न्हाय मग."

तिला सगळ्यांपुढं मांडायचा होता तो एका खोलीचा प्रश्न. आमच्या मागच्या इमारतीत 'लेडीज रूम' अशी पाटी असलेली एक खोली होती. तिला सहा-सात वर्षं कुलूप होतं. आत मोडके बाक आणि जुन्या उत्तरपत्रिकांची पोती. दुपारचे तीन तास गावाकडच्या मुली जिन्यावर, सायकल स्टँडवर, कुठंही बसायच्या. ऑफिसमागच्या संडासाला अकरानंतर पाणी नसायचं.

प्रचाराला ती वर्गावर्गात जायची. पहिल्या वर्गात मी समितीतर्फे मागच्या बाकावर होतो. भाषण पाठ केलेलं ती सगळं विसरली. मग मुलींच्या बाकांकडे वळून म्हणाली, "सकाळी सहाच्या आत घर सोडणाऱ्या किती जणी हायेत?"

पंधरा-वीस हात वर झाले.

"आणि संडासाला जायला लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या?"

वर्गात मुलं होती. एकही हात वर होईना. मग पहिल्या बाकावरच्या श्रावणीनं हात वर केला. ती जुळे सोलापुरात राहणारी, शिक्षकाची मुलगी, दहा मिनिटांत घरी पोचणारी. तिला त्या खोलीची काही गरज नव्हती. तिच्या मागोमाग एकेक करत बरेच हात वर गेले. मुलं खाली बघत होती.

त्या पंधरवड्यात वैजयंती सगळे वर्ग फिरली, निवडून आले तर ती खोली उघडून घेईन म्हणाली. वडील, रावजी, घरी म्हणायचे, "आपल्यात ग्रामपंचायतीला सुदीक कुणी उबं राह्यलं न्हाय, तू कुटं निगालीस?" पण त्यांनी अडवलं नाही.

आणि मग परिपत्रक आलं. विधानसभेच्या निवडणुका तोंडावर असल्यामुळे कॉलेजच्या निवडणुका पुढे ढकलल्या. फलकावर ते मीच लावलं. ती शेजारी उभी राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती.

"पुढं म्हंजे कदी, सर?"

"तारीख दिलेली नाही."

"बरं," म्हणून ती एस.टी. स्टँडकडे गेली. शिवराजचे टी-शर्ट गणपतीच्या मिरवणुकीत दिसले.

खरं म्हणजे प्रकरण इथं संपायला हवं होतं. पण आठवड्याभरानं मुली तिला विचारायला लागल्या, खोलीचं काय झालं.

"मी निवडूनच आले न्हाय गं," ती सांगायची.

"पण तू म्हणली होतीस की."

त्या एका वाक्यावर ती दर शनिवारी अर्ज घेऊन ऑफिसात जायला लागली. एकदा प्राचार्यांनी माझ्यादेखत तिला विचारलं, "तू कोण म्हणून आलीस? प्रतिनिधी आहेस का?" तिनं नकारार्थी मान हलवली. "मग तुझं अभ्यासाचं वर्ष आहे, अभ्यास कर." मी तिथं खुर्चीवर बसलेला होतो. ती गेल्यावर मी प्राचार्यांशी पेपर तपासणीबद्दल बोललो.

दिवाळीनंतर या अर्जांच्या खेपांत तिची दोन प्रॅक्टिकल बुडाली. मुली अजून विचारत होत्या, आता जरा रागानं. कुणीतरी म्हणालं, नुसतं मतासाठी बोलली. हे तिनं मला जानेवारीच्या शेवटी जिन्यात सांगितलं. रडली वगैरे नाही. "सर, मला लई कंटाळा आलाय," एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी मी शिपाई सिद्धराम यांना गाठलं. ते अक्कलकोटकडचे, किल्ल्या त्यांच्याकडे. ते म्हणाले, "सर, कुणीतरी लिहून द्या की, मी काय आता उघडतो." एवढंच लागणार होतं, हे मला आधी सुचलं नव्हतं. किंवा सुचू द्यायचं नव्हतं. 'जुन्या सामानाच्या तपासणीसाठी खोली उघडावी' असं लिहून मी सही केली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी बारा मुलींनी ते बाक आणि पोती बाहेर काढली. श्रावणीनं घरून फिनेल आणलं. संडासाच्या नळाचं काम व्हायला आणखी दहा दिवस गेले. प्राचार्य येऊन बघून गेले. नंतरच्या एका सोमवारी दुपारी मी तिथून जाताना वैजयंती एका धड बाकावर ओढणी तोंडावर घेऊन झोपलेली दिसली. बाकीच्या हळू आवाजात बोलत होत्या.

महिन्याभरात टाळेबंदी लागली आणि सगळं कॉलेजच बंद झालं. बुडालेल्या प्रॅक्टिकलनी तिचे गुण खाल्ले, एम.एस्सी.ला हवा तो विषय मिळाला नाही. पुढच्या वर्षी पंचवीस माणसांत लग्न झालं. सासर मोहोळ तालुक्यात. आता ती गावातल्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते.

गेल्या वर्षी सोलापूर स्टँडवर अचानक भेटली. मी निवृत्त झालोय, तिला सांगितलं. तिनं सांगितलं की गावात सरपंचपद बायकांसाठी राखीव झालंय आणि लोक तिच्या मागे लागलेत.

"मग?"

"न्हाय म्हणले, सर. निवडून आलं काय, न्हाय आलं काय, लोक इचारायला आपल्याकडंच येत्यात. दमलेय मी."

"आज इकडं कशी?"

"शेजारच्या सारजाबाईंचं रेशनकार्ड हितल्या पुरवठा ऑफिसात अडकलंय," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा आलेय. साहेब जाग्यावर न्हाईत म्हणे."

तिनं पिशवीतले कागद पुन्हा एकदा तपासले आणि गाडी लागल्यावर गर्दीत शिरली.