मालक आत्ताच बाहेर गेलेत

आमची काकू नळाचे रबरी वायसर बनवते. कारखाना म्हणायचा, पण आहे काय, तर पत्र्याची शेड, एक हातप्रेस, काकू आणि मी. काका गेले त्याला सहा वर्षं झाली. परवाना मात्र अजून त्यांच्याच नावावर! बदलायचा तर आधी जुना रद्द करायचा, मग नवा अर्ज, आणि तो मंजूर होईपर्यंत प्रेस बंद. कुणाला परवडतंय? एकदा खंड पडला की दुकानदार बाहेरून आलेला स्वस्त माल उचलतात आणि परत फिरकत नाहीत.

म्हणून काकूनं युक्ती काढली. रोज अकराला काकांच्या टेबलावर वाफाळता चहा, शेजारी त्यांचा उघडा चष्मा, खुर्ची जराशी मागे ओढलेली. तपासणीला कुणी आलं की, "अगंबाई, मालक आत्ताच बाहेर गेलेत हो!" साहेब चहाकडे बघून शेरा मारायचे आणि जायचे. संध्याकाळी तो गार चहा मी मोरीत ओतायची.

दोन महिन्यांपूर्वी कप रिकामा सापडायला लागला. मला वाटलं काकू पिते, काकूला वाटलं मी.

"चोरून कशाला पितेस गं? माग की!" ती म्हणाली. मी भडकलेच. शपथा झाल्या. त्यानंतर हा विषय दोघींनीही काढला नाही.

परवा नूतनीकरणाची तपासणी होती. या वेळी मालक समोर हवेतच, नाहीतर टाळं, असं नोटिशीत स्पष्ट होतं. काकूनं तरी चहा ठेवलाच. आम्ही मागच्या दारी रबराचे गठ्ठे उतरवून आत आलो, तर नवे साहेब निघालेले.

"झालं काम. मालकांनी सही दिली," ते म्हणाले. "पण त्यांना जरा आराम द्या हो. फार थकलेत. मला म्हणाले, या दोघी मला उठूच देत नाहीत."

मी त्यांच्या हातातला कागद ओढूनच घेतला. कागदावर काकांचीच सही, शेवटी गिरकी घेतलेली. शाई अजून ओली होती. परवाना पाच वर्षांसाठी पक्का!

"काकू, सुटलो!" मी म्हटलं. आता लाज वाटते, पण तेव्हा तोंडात तेच आलं.

काकू टेबलापाशी गेली आणि ढसाढसा रडली. काका गेले त्या आठवड्यात मोठी ऑर्डर होती, तेव्हा रडायचं राहूनच गेलं होतं. "चुकलं हो माझं," ती खुर्चीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चहा केला नाही. चष्मा मिटून डबीत ठेवला. प्रेसवर कापड टाकलं, शेडला कुलूप घातलं आणि काकांच्या मृत्यूचा दाखला घेऊन आम्ही परवान्याच्या खिडकीशी उभ्या राहिलो.

"मालक कोण?" कारकुनानं विचारलं.

काकूनं स्वतःचं नाव सांगितलं.

"धंद्यात किती वर्षं?"

"नवीनच आहे," काकू म्हणाली.

परत येऊन कुलूप काढलं. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली होती. आम्ही दोघींनी तिला हात लावला नव्हता. काका घरी जाताना तशीच सरकवून जायचे.