तो थांबला की बोलायचं

संयोगिता सरनाईकला कुणी ‘शांत व्हा’ म्हटलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची. जन्म शिवाजी पेठेतला. तिथं हळू बोलणाऱ्या माणसाला ‘बरं न्हाय वाटत काय?’ असं विचारतात. वडील तालमीच्या फुटबॉल संघामागं गावभर ओरडत फिरणारे, आई भाजीवालीशी बोलली तरी चौथ्या घरात ऐकू जायचं. अशा घरात वाढलेली पोरगी तोंडावर बोलणारी निघाली यात नवल ते काय? चौदा वर्षं तिनं एका इंग्रजी शाळेत शिकवलं. मग नवे मुख्याध्यापक आले आणि म्हणाले, मॅडम, तुमच्या इंग्रजीला कोल्हापूरचा वास येतो, पालकांना खटकतं. ‘मग पालकांनी नाक धरावं,’ असं सगळ्या स्टाफसमोर सुनावून ती बाहेर पडली. ही गोष्ट तिनं पुढं कैक जणांना सांगितली, आणि सांगताना दरवेळी तिची मान ताठ व्हायची.

पुढं तिला उचगावच्या पलीकडं एका कारखान्यात वर्ग मिळाला. परदेशातल्या दुकानांसाठी तिथं शर्ट शिवतात. कामाला सगळ्या आसपासच्या गावच्या बायका. बुधवारी आणि शनिवारी पाळी सुटली की तासभर इंग्रजी. पहिल्याच दिवशी एचआरचा धैर्यशील एक स्पीकर आणि पेनड्राइव्ह घेऊन आला. कडक इस्त्रीचा शर्ट, जिभेवर साखर.

‘मॅडम, यात माइंडफुलनेसचे पॉडकास्ट आहेत. यावरच शिकवा. बायकांना इंग्रजी येईल आणि मनंही शांत होतील. हल्ली कुरकुर फार वाढलीय.’

संयोगिताच्या कपाळाची शीर उडाली. कुरकुर वाढणार नाही तर काय होणार? शर्टांचं टार्गेट वाढवलं, पाणी प्यायला जायची सोय नाही, चेकिंगच्या टेबलावरच्या बायका नऊ नऊ तास उभ्या. आणि यावर औषध काय, तर डोळे मिटा आणि श्वास घ्या. वा रे वा. आग लावायची यांनी आणि फुंकर मारायची बायकांनी. हे सगळं तिनं धैर्यशीलला ऐकवलं नाही. वर्ग नवा होता, म्हणून गिळलं.

पॉडकास्टमधला माणूस कुठला तरी गोरा होता. आवाज असा, की नुकतंच पोटभर जेवून पडलेला असावा. ‘सिट कम्फर्टेबली,’ म्हणायचा आणि थांबायचा. ‘नोटीस युवर फीट,’ म्हणायचा आणि पुन्हा थांबायचा. त्या थांबण्यात ऐकणाऱ्यानं गप बसून आपल्या आत बघायचं, असा त्याचा हिशोब. पण तो काही उचगावला आलेला नव्हता.

दुसऱ्या तासाला त्यानं विचारलं, ‘हाउ आर यू फीलिंग टुडे?’ आणि तो थांबला.

‘फाइन,’ तानाबाई मोठ्यांदा म्हणाली. तानाबाई म्हणजे वर्गातली सगळ्यात वयस्कर बाई, काजाबटणाच्या मशीनवरची.

‘अहो, त्याला उत्तर द्यायचं नसतं,’ संयोगिता म्हणाली.

‘म्हंजे? त्यो मानूस आपुलकीनं इचारतोय आन् आपुन गप बसायचं व्हय म्याडम? बरं दिसतंय का ते? उद्या म्हनंल, उचगावच्या बायका लई शिष्ट हायत.’

सगळा वर्ग हसला. संयोगिताही हसली, आणि हसता हसताच तिच्या ध्यानात आलं की घबाड हाती लागलंय. स्पष्ट उच्चार, चार शब्दांचं वाक्य, प्रश्न, आणि मग उत्तराला पुरेल एवढी मोकळी जागा. इतकी वर्षं शिकवताना असं पुस्तक तिला मिळालं नव्हतं. तिनं तिथंच नियम केला: डोळे उघडे ठेवायचे, तो थांबला की बोलायचं, आणि त्याचा आवाज परत यायच्या आत वाक्य पुरं करायचं.

मग काय, वर्गाला रंग चढला. तो विचारायचा, अंगात कुठं ताण जाणवतोय? बायका एका सुरात सांगायच्या, शोल्डर्स, नेक, लेग्ज. टायर्ड, टाइट, हेवी, अफ्रेड, सगळे शब्द त्याच्याच तोंडून उचलले. तो म्हणायचा, तो विचार सोडून द्या. तानाबाई म्हणायची, ‘नो. यू कम हिअर अँड स्टँड.’ शांत करायला आणलेल्या त्या आवाजाशी तीस बायका आठवड्यातून दोनदा कडाकडा भांडत होत्या, आणि भांडता भांडता शिकत होत्या.

सगळ्यात पुढं गेली शालूबाई. ही चेकिंगच्या टेबलावर. शिवलेला शर्ट पसरून टाके, बटणं, डाग बघायचे, ते उभ्यानं. बसलं की नजर सैल पडते म्हणे. तिच्या पायाच्या शिरा सुजून दोऱ्यांच्या गुंड्यासारख्या झाल्या होत्या. स्टूल द्या म्हणून तिनं तीनदा विनवलं होतं, मराठीत. साहेबांना मराठी येत होतं, तरी ऐकू गेलं नव्हतं. आता शर्ट घेणाऱ्या दुकानांचे परदेशी पाहुणे कारखाना बघायला येणार होते, त्यांना इंग्रजीत सांगायचं, हे शालूबाईनं मनाशी धरलं होतं. संयोगितानंच तिच्याकडून ती वाक्यं घटवून घेतली. माय लेग्ज आर पेनिंग. आय स्टँड नाइन अवर्स. आय आस्क्ड फॉर अ स्टूल थ्री टाइम्स. ‘घाबरायचं नाही, शालूबाई,’ ती म्हणायची, ‘डोळ्याला डोळा देऊन बोलायचं.’

तीन महिन्यांनी पाहुणे आले. एक उंच गोरी बाई आणि तिच्यासोबत दोन साहेब. धैर्यशीलनं बायकांना रांगेत बसवलं आणि बजावलं, डोळे मिटायचे, हात गुडघ्यांवर, अवाक्षर काढायचं नाही. मग संयोगिताला बाजूला घेऊन म्हणाला, ‘मॅडम, आजचं नीट पार पडलं की दुसऱ्या युनिटचा वर्गही तुमचाच. नाहीतर मला हाही चालू ठेवता येणार नाही.’

स्पीकर लागला. त्या माणसानं अंगाची विचारपूस केली, वॉट डू यू फील इन युवर बॉडी, आणि तो थांबला.

शालूबाईनं डोळे उघडले. पाहुणीकडं बघून तिन्ही वाक्यं खणखणीत म्हटली. एक शब्द चुकला नाही.

धैर्यशीलनं झटकन स्पीकर बंद केला आणि गोड हसून इंग्रजीत म्हणाला, वर्गात पाठ केलेली वाक्यं आहेत ही, सरावाची. राइट, मॅडम?

पाहुणी संयोगिताकडं वळली. शालूबाईही बघत होती, आणि तिला काही काळजी दिसत नव्हती. मॅडम आता याला उभा सोलणार, अशा भरवशानं ती बसली होती.

संयोगिताच्या डोळ्यापुढं हा वर्ग आला. दुसरं युनिट आलं. पुन्हा घरी बसून काढायचे दिवस आले.

‘येस,’ ती म्हणाली. ‘प्रॅक्टिस सेंटेन्सेस.’ उच्चार अगदी स्वच्छ होता. कोल्हापूरचा वास औषधालाही नव्हता.

शालूबाईनं तिच्यावरची नजर काढली. मग पाहुणीला म्हणाली, ‘मॅडम इज अफ्रेड. आय ॲम नॉट प्रॅक्टिसिंग.’ आणि लुगडं घोट्याच्या वर घेऊन तिनं पाय पुढं केले.

पाहुणीनं वही काढली, टेबलापाशी जाऊन फोटो घेतले, आणि तीन आठवड्यांत चेकिंगच्या टेबलाला बारा स्टुलं आली. शालूबाईला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आणि गंमत बघा, संयोगिताचा वर्गही चालू राहिला. दुसरं युनिटही मिळालं. धैर्यशील म्हणाला, तुम्ही सांभाळून घेतलंत, मॅडम. ते ऐकून तिला त्याचं तोंड फोडावंसं वाटलं.

शालूबाई मात्र वर्गाला यायची थांबली.

पंधरा दिवस संयोगिता घरात धुसफुसत होती. आधी राग धैर्यशीलवर. मग त्या पेंगुळल्या आवाजाच्या गोऱ्यावर. मग शालूबाईवरसुद्धा, की मी शिकवलेलं इंग्रजी माझ्याच तोंडावर मारलं, चारचौघांत, परक्या बाईपुढं. भांडी आदळून झाली, आईवर ओरडून झालं. पण राग कुठंच ठरेना. मुख्याध्यापकाची गोष्ट कुणाला सांगायला तोंड उघडलं की ती मधेच विषय बदलायची. आयुष्यभर ज्यांना भेकड म्हणून शिव्या घातल्या, त्यांच्या पंगतीत आपण जाऊन बसलो, आणि तेही एका ‘येस’साठी. हा राग कुणावर काढायचा?

एका शनिवारी ती जेवणाच्या सुट्टीत चेकिंगच्या टेबलापाशी गेली. शालूबाई स्टुलावर बसून भाकरी खात होती.

‘शालूबाई, त्या दिवशी माझं चुकलं. मी खोटं बोलले.’

‘व्हय,’ शालूबाई म्हणाली आणि घास चावत राहिली.

‘रागावलाय म्हणून वर्गाला येत नाही का?’

‘राग कशाचा म्याडम? तुमी शिकिवलं म्हणून तर ह्ये स्टूल हाय बुडाखाली. ते मी इसरायची न्हाय.’ तिनं तांब्यातलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं. ‘पर आता येऊन शिकू काय? मला जेवढं बोलायचं हुतं तेवढं आलं की. आन् पुढं तुमास्नीच येत न्हाय.’

भोंगा झाला. शालूबाईनं डबा बंद केला, पुढचा शर्ट ओढला आणि कॉलरवरचे टाके मोजायला लागली.