मोठीबाईचं कासव

बोलणारं कोणीही माझ्या मोठ्या जावेला खपत नसे. ती स्वतः मात्र झोपेतही बोलायची. तिचं घर उमरखेडला, आमचं फुलसावंगीला. सगळे तिला मोठीबाई म्हणत.

म्हातारपणी तिने कासव पाळलं. जावयाने हैदराबादहून चोरून आणलेलं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. ते घरात ठेवणं गुन्हा आहे हे तिला ठाऊक होतं. परकं माणूस आलं की त्यावर टोपलं पालथं घालायची. मला मात्र कौतुकाने सांगायची, "लक्ष्मी येते घरात. भुंकत नाही, चावत नाही, दोन पानं टाकली का झालं. दिसतेही कसं नक्षीचं." मग सुनेकडे बघून म्हणायची, "माणसानंही असं राहावं."

सून सुनंदा मान खाली घालून पोळ्या लाटायची.

कासव म्हटलं की पाणी, एवढंच मोठीबाईला माहीत. लोक पितळी कासव थाळीत पाणी घालून ठेवतात, म्हणून तिने हे जिवंत कासव पाणी भरलेल्या घंगाळात सोडलं. ते होतं रानातलं. काठाला नखं घासायचं, मान ताणायचं.

"पाहा, कसं पोहून राह्यलं."

"बाई, ते पोहत नाही, बुडून राह्यलं. काढा बाहेर."

"तुले काय समजते? चौथी शिकली तू."

"तुम्ही कितवी शिकल्या?"

त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

सासूची पाठ वळली की सुनंदा कासव काढून अंगणात ठेवायची. मोठीबाई ते पुन्हा पाण्यात टाकायची. पुढे सुनंदा बाळंतपणाला माहेरी गेली, काढणारं कोणी उरलं नाही. कासव मेलं. मोठीबाईने त्याचं कवच साफ केलं, तेल लावून चमकवलं आणि त्याच घंगाळात ठेवलं.

सुनंदा लेकीला घेऊन परतली, तेव्हा मी तिथेच होते. तिने घंगाळात पाहिलं.

"आता बरं झालं," मोठीबाई म्हणाली. "पाणीही सांडत नाही."

सुनंदाने पिशवी खाली ठेवलीच नाही. लेकीला खांद्यावर घेतलं आणि आल्या पावली स्टँडवर गेली. तिच्या नवऱ्याने पुढे बाभुळगावला खोली केली. ती तिघं तिथेच राहिली.

मोठीबाई गेल्या वर्षी वारली. त्याआधी काही महिने मला रोज फोन करायची. "घरात बोलाले कोणी नाही व. तू तरी काही बोल."

मी फोन कानाला लावून गप्प बसायचे.