भिकाजीच्या मशीनचा सेन्सर

कान्हे स्टेशनबाहेर भिकाजीचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आणि त्याला लागून माझं इलेक्ट्रिकचं. इतक्या वर्षांचा शेजार, पण पलीकडून नवरा-बायकोचं भांडण कधी ऐकू आलं नाही. लोक म्हणतात, काय गोड जोडपं! कसलं गोड, डोंबल! बोलतच नाहीत, तर भांडणार कधी?

जळालेली मोटार आली की भिकाजी मशीनवर नवी तार गुंडाळतो. एका हातानं हँडल फिरवायचं, दुसऱ्या हातानं तार धरायची आणि तोंडातल्या तोंडात वेढे मोजायचे. वेढे कमी पडले तर मोटार पुन्हा जळते. मशीनवरचा मोजणीचा काटा केव्हाच मोडलाय. शेजारी त्याची बायको, शालनवहिनी, मोटारीच्या खाचांत घालायचे कागद कापत बसते. तिनं तोंड उघडलं की तार धरलेल्या हाताचं एक बोट वर. थांब, मोजतोय.

त्यांची एकुलती लेक प्रतीक्षा पहिल्यांदा चालली, ते सांगायला वहिनी धावत आली तेव्हाही बोटच वर. हळूहळू तिनं बोलणंच सोडलं. फक्त भिकाजी मध्येच अडखळून "किती झालं गं?" म्हणाला की ती आकडा सांगायची. मनातल्या मनात तीही मोजत असायची.

प्रतीक्षा सासरी गेली आणि घर खायला उठलं. एक दिवस भिकाजी माझ्या दुकानात येऊन बसला.

"राजूभाऊ, वेढं मोजनारं काय मिळतं का? मोजायचं मशीननं मोजलं, तर शालनला बोलता यील. लय वर्सं गप बसवली मी तिला."

त्याचे डोळे भरून आले होते. मला त्याचा रागही आला आणि कीवही आली. इतकी वर्षं काय झोपला होतास, असं ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

पुण्याहून आधी उजेडावर चालणारा सेन्सर आणला. त्याच्यावर मोटारीच्या तारेला लावायचं वॉर्निश उडालं नि तो आंधळा झाला. मग काचेच्या नळीतला आणला, तो एका वेढ्याला दोन मोजायचा. त्यात भिकाजीची आणखी एक अट. "तार गुतली की हँडल उलटं फिरवतो मी. तवा आकडा कमी व्हाया पायजे." डोकं खाल्लं हो माझं या माणसानं! शेवटी मशीनच्या चाकाला लहानसं लोहचुंबक चिकटवलं आणि समोर, चुंबक जवळून गेलं की जागे होणारे दोन हॉल सेन्सर शेजारी शेजारी बसवले. यांना धूळ बाधत नाही, काही घासत नाही, आणि दोघांतला कुठला आधी जागा झाला त्यावरून चाक सुलटं फिरतंय की उलटं ते कळतं. आकडे दाखवायला एक डबी जोडली.

वडिवळ्याच्या शेतकऱ्याची पंपाची मोटार आली होती, तिच्यावरच चाचणी घेतली. हँडल फिरलं तसे डबीवर लाल आकडे चढायला लागले. उलटं फिरवलं की बिनचूक उतरायचे. भिकाजी लहान पोरागत हसला आणि बायकोकडं वळला.

"बोल, शालन. आता बोल."

वहिनी कागद कापत राहिली.

"अगं, बोल की!"

तिनं बोट वर केलं. तिचे ओठ हलत होते.

मी वैतागलो. "वहिनी, अहो मोजायला आता यंत्र आहे ना!"

तिनं कात्री खाली ठेवली. "मंग मी कशाला बसू हितं, भाऊ? ह्यांचा आकडा चुकला की मला इचारायचे. तेवढंच बोलनं व्हतं आमचं. ते बी तुमी त्या डबीला दिलं."

भिकाजीचा चेहरा उतरला. हँडल थांबलं. मग त्यानं डबीची वायर ओढून काढली. लाल आकडे गेले.

"किती झालं गं?" त्यानं विचारलं.

ती गोंधळली. "चुकला वो. भाऊंसंगं बोलत बसले न्हवं."

मला वाटलं, आता तरी दोघं हसतील. कुणी हसलं नाही. भिकाजीनं गुंडाळलेली सगळी तार सोडवली आणि पुन्हा पहिल्या वेढ्यापासून सुरुवात केली. वहिनीनं कात्री उचलली. मी चपला घातल्या आणि दारातून एकदा मागं पाहिलं. दोघांचेही ओठ हलत होते आणि आवाज तेवढा मशीनचा येत होता.